फुकटच्या पुस्तकापासून पोराला कसं वाचवाल?

जून उजाडला की कोल्हापुरात महाद्वार रोडला पालकांची जत्रा भरते. एका हातात पोराचा हात, दुसऱ्या हातात शाळेनं दिलेली यादी. या गर्दीत एखादा शहाणा गाठ पडतोच. "अहो, बालभारतीची पुस्तकं नेटवर फुकट आहेत की! पहिली ते बारावी. डाऊनलोड करायची, झालं!" अशा माणसाला चहा पाजा आणि वाटेला लावा. पोराचं वाटोळं याच वाटेनं होतं.

मिसळ खाताना तिसऱ्यांदा फुकटचा कट मागायला आपल्याला लाज वाटत नाही. पण पोराच्या दप्तरात फुकटचं पुस्तक? गल्लीत काय म्हणतील? सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या पोरांना छापील पुस्तकंही मोफत मिळतात, पण त्यासाठी पोराला तिथं घालावं लागतं. एवढा धीर आपल्यात कुठला! याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. दंड आपण आजही भरतो. फक्त आता तो पोराला शाळेत घातल्याबद्दल असतो, आणि पावतीवर 'पुस्तक संच' असं लिहिलेलं असतं.

तरीही घरात कुणी हट्टच धरला, तर ई-पुस्तक जरूर घ्या. घ्यायचं कसं, ते मी सांगतो. गेल्या साली भाच्यासाठी हा उद्योग मीच केलाय.

आधी घरातला सगळ्यात जुना मोबाईल शोधा. काचेला तडा असलेला उत्तम. त्यात पीडीएफ उतरवा. 'स्टोरेज फुल' आलं तर लग्नाचे फोटो उडवा, गुड मॉर्निंगचे राहू द्यात, ते नातेवाइकांचे असतात. मग पोराला म्हणा, पान एकेचाळीस काढ. पोरगं एकेचाळीस काढतं आणि धडा भलताच निघतो, कारण मुखपृष्ठ, प्रतिज्ञा, प्रस्तावना, अनुक्रमणिका ही सगळी पानं मोबाईल इमानदारीनं मोजतो, पुस्तक मोजत नाही. भाचा दोन बोटांनी अक्षर मोठं करायचा, ओळ अर्धी पडद्याबाहेर जायची, ती ओढून आणेपर्यंत मागची ओळ विसरायची. तेवढ्यात आत्याचा व्हिडिओ कॉल. कॉल संपला की पुस्तक पुन्हा मुखपृष्ठावर. आठवड्यात पोराला मुखपृष्ठ पाठ झालं.

मग झेरॉक्सच्या दुकानात जा. हा टप्पा कुणालाच चुकत नाही. "काका, कलर का ब्लॅक?" ब्लॅक म्हणालो. "पाठपोट?" हो म्हणालो. वर स्पायरल, वर प्लॅस्टिकचं कव्हर. भूगोलातला नकाशा काळा आला, नदी कुठली आणि रस्ता कुठला ते देवी अंबाबाईलाच ठाऊक. बिल दिलं आणि लक्षात आलं, या पैशात छापील पुस्तक येऊन वर भेळेचे पैसे उरले असते. पण ते विकतचं झालं असतं. आपलं फुकटचं होतं.

आणि हो, झेरॉक्सवाल्याला सुरुवातीचं पान दाखवू नका. सगळे हक्क पाठ्यपुस्तक मंडळाचे, म्हणजे बालभारतीचे, लेखी परवानगीशिवाय काही उद्धृत करायचं नाही, असं त्यावर छापलेलं असतं. फुकट म्हणजे मोकळं असं समजणारे भोळे असतात. पुस्तक आपल्या पैशातून, आपल्या पोरांसाठी. पण त्यातला उतारा घेऊन गल्लीतल्या पोरांसाठी चार पानांची सराव-पुस्तिका काढायची तर आधी पुण्याला मंडळाकडे अर्ज करा.

छापील पुस्तकातल्या क्यूआर कोडचंही तसंच. तो स्कॅन केला की सरकारच्या दीक्षा ॲपवर धड्याचा व्हिडिओ उघडतो, म्हणजे ज्याच्या घरी मोबाईल, नेट आणि रिकामा बाप असेल त्याच्याकडे उघडतो. बाकीच्यांनी कोडातले मोकळे चौकोन पेनानं भरावेत, पोरं तेच करतात.

पुस्तक बदललं तर घाबरू नका. २०२३-२४ साली दप्तर हलकं करायला पुस्तकांचे चार भाग केले आणि धड्यामागं कोरी पानं घातली, म्हणजे वही वेगळी नको. शाळेत वही लागतच होती. पुढं २०२५ मध्ये तो निर्णय मागं घेतला. तोवर निदान आठवड्याची किराणा यादी लिहायला चांगला कागद तरी मिळाला.

एवढं करून मन लागत नसेल तर गाईड घ्या. त्यात प्रश्न असतो, उत्तर असतं, वाचायची भानगड नसते. मे महिन्यात रद्दीवाला दारात आला की काटा बघून घ्या. भाच्याचं गाईड सव्वा किलो भरलं. स्पायरल मात्र त्यानं बाजूला काढलं, म्हणाला, "तार आणि प्लॅस्टिक काढून ठेवा, मग बघू." पीडीएफचं त्याला मी काही विचारलं नाही.