थेंबात काही आलं नाही म्हणून दोन स्टार? आमचं उत्तर

नमस्कार साहेब, तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. तुम्ही लिहिलंय की मुलाला आमच्या प्रोटीनचे स्फटिक वाढवायच्या शनिवार-रविवारच्या वर्कशॉपला बेळगावात उद्यमबागला पाठवलं, फी भरली, आणि पोरगं घरी येऊन सांगतंय माझ्या थेंबात काहीच आलं नाही, शेजारच्या मुलीला मात्र स्फटिक आले, आणि ते पण मिठाचेच खडे असणार. दुसऱ्या दिवशी नुसते कॉम्प्युटरवर ठिपके हलताना दाखवले, नीट परीक्षेला उपयोग शून्य, आणि आता एआय प्रोटीनचा आकार आपोआप सांगतंय तर हे सगळं कशाला, फी परत द्या. याला दोन ओळींत सॉरी लिहून मला गप्प बसायचं नाही, कारण तुम्ही ज्याला फुकट गेलं म्हणताय तेच आम्ही मुद्दाम शिकवतो.

पहिलं थेंबाचं. प्लेटला २४ खाचा असतात. प्रत्येक खाचेत खाली मिठाचं आणि ॲसिटेट बफरचं (आंबटपणा बदलू न देणारं) पाणी, वर काचेच्या चकतीला उलटा लटकलेला थेंब, त्यात लायसोझाइम म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या भागातलं प्रोटीन आणि खालचंच पाणी निम्मं निम्मं. थेंबात मीठ कमी, खाली जास्त, म्हणून थेंबातलं पाणी वाफ होऊन सावकाश खाली जातं, थेंब आटतो, प्रोटीन दाटत जातं. डावीकडनं उजवीकडं मीठ आम्ही वाढवत नेतो. तुमच्या मुलाकडं डावीकडच्या खाचा होत्या, शेजारच्या मुलीकडं मधल्या, आणि अगदी उजवीकडं ज्याच्या होत्या त्याला पांढरी भुकटी मिळाली. तिघांचं बघितल्याशिवाय कळतच नाही की स्फटिक कुठनं कुठपर्यंत येतो, म्हणजे तुमच्या मुलाचा स्वच्छ थेंब हा त्या नकाशाचा एक काठ आहे बघा.

आपल्या भागात हे समजवायला लांब जायला लागत नाही. चिकोडी, संकेश्वर, गोकाककडची निम्मी पोरं ऊसवाल्या घरची. साखर कारखान्यात पॅनवर उभा असलेला माणूस हेच करतो, रस नेमका दाट आणायचा, बारीक साखरेचं बी सोडायचं आणि दाणा वाढवायचा. पातळ असला तर सोडलेलं बी पण विरघळतं, जास्त दाट झाला तर नको तिथं बारीक दाणा पडतो. प्रोटीनचं गणित हेच आहे, बी सोडायची पद्धत पण आहे, फक्त रेणू हजारो अणूंचा, लवचिक, आणि जमायची जागा फार अरुंद.

मिठाचे खडे म्हणालात त्याची टेस्ट त्याच दिवशी सगळ्यांसमोर केली होती. प्रोटीनच्या स्फटिकात साधारण निम्मं पाणीच असतं, आत बारीक वाटा असतात, मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब सोडला की रंग आत शिरतो आणि स्फटिक निळा होतो. मिठाच्या खड्यात तो शिरत नाही. सुईनं दाबलं तर प्रोटीनचा स्फटिक चुरा होतो, मिठाचा कट्कन आवाज देतो. मुलीचे स्फटिक निळे झाले, पोराला विचारा.

आणि वाट बघणं म्हणजे वेळ घालवणं असं ज्याला वाटतं त्याला मी जेम्स सम्नरचं सांगतो. कॉर्नेलमध्ये जॅक बीनच्या दाण्यांतनं युरिएज हे एन्झाइम, म्हणजे पेशीतली रिॲक्शन वेगानं घडवणारा रेणू, वेगळं काढायला १९१७ ला लागला, स्फटिक मिळाले १९२६ ला. तरुणपणी शिकारीत डावा हात गेलेला माणूस. एन्झाइम हे प्रोटीनच असतं हे त्यानं दाखवलं तर मोठमोठे केमिस्ट मानायला तयार नव्हते, नोबेल मिळालं १९४६ ला. डोरोथी हॉजकिननी इन्सुलिनच्या स्फटिकाचा पहिला एक्स-रे फोटो १९३५ ला काढला आणि त्यावरनं रचना, म्हणजे आत अणू कसे मांडलेत ते, १९६९ ला सोडवली. तुमच्या मुलाला आम्ही फक्त दोन दिवस मागितलेत.

आता एआय. प्रोटीनचा आकार सांगणारं अल्फाफोल्ड हे एआय भारीच आहे, ते बनवणाऱ्या हसाबिस आणि जंपर यांना २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, याबद्दल वादच नाही. पण ते शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँकेवर, म्हणजे जगभरच्या प्रोटीन रचनांच्या साठ्यावर, जी १९७१ ला फक्त ७ रचनांवर सुरू झाली आणि पुढं लाखावर गेली, आणि त्यातल्या बहुतेक रचना असेच थेंब लावून, स्फटिक वाढवून, एक्स-रे मारून मिळालेल्या आहेत. अंडी फोडणारे नसते तर एआयला वाचायला पुस्तकच नसतं. आणि रचना एआयची असो की स्फटिकाची, ती बरोबर बसते का हे बघायला आजही जगभर रामचंद्रन प्लॉट वापरतात, म्हणजे प्रोटीनची साखळी कुठल्या कोनांत वळू शकते त्याचा तक्ता, तो १९६३ ला मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. हे आम्ही मराठी, कन्नड, इंग्लिश मीडियमची पोरं एकाच टेबलावर बसवून सांगतो, आणि मला त्याचा अभिमान आहे.

ठिपक्यांबद्दल. तो व्हिडिओ नव्हता, सिम्युलेशन होतं. एकेक ठिपका म्हणजे एक रेणू, आंधळेपणानं फिरतो, एन्झाइमला धडकला तरच रिॲक्शन. पोरांनी सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्याच्यावर काम करतं तो पदार्थ, वाढवत नेलं आणि वेग आधी वाढला मग अडकला, तो आलेख त्यांनी स्वतः काढला. अकरावीच्या बायोलॉजीत हाच वक्र छापलाय, नीटला पण हाच लागतो. याच विचारानं २०१२ ला स्टॅनफर्डच्या मार्कस कव्हर्टच्या टीमनं मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम या बॅक्टेरियाची अख्खी पेशी कॉम्प्युटरवर चालवली, ५२५ जीन, २८ वेगवेगळे भाग एकत्र जोडून. मला त्यातलं पुढचं जास्त आवडतं. एकेक जीन बंद केल्यावर वाढीचा वेग मॉडेलमध्ये एक आला आणि खऱ्या पेशीत दुसरा, तर जिथं जुळलं नाही तिथंच त्यांनी शोधलं आणि काही एन्झाइमचे वेग नव्यानं मोजले. न जुळणं हीच खबर होती. म्हणूनच पहिल्या दिवशी थेंब आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर, एकाशिवाय दुसरं आम्ही कधी शिकवणार नाही.

फी परत मिळणार नाही, कारण जे सांगितलं होतं ते सगळं शिकवलंय. पण तुमच्या मुलाची प्लेट आमच्या कपाटात सील करून ठेवलेली आहे. येत्या शनिवारी दुपारी चारनंतर त्याला घेऊन या, तुम्ही पण या, मायक्रोस्कोपखाली बघू. तरी स्वच्छच असेल तर त्याच खाचांत मीठ वाढवून त्याच्या हातानं परत लावू, प्रोटीन आमच्याकडचं, पैसे नकोत. येताना त्याची वही मात्र आणा, कुठल्या खाचेत किती मीठ घातलं ते त्यानं अगदी नीट लिहिलंय, त्यावरनंच पुढचं ठरवता येईल.