नाना, डबडं कोणाला म्हणताय?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय चालू आहे, बापूची गाडी. बापू म्हणजे माझा मावसभाऊ, राहतो पारोळ्याला आणि शिकवतो धुळ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात, म्हणजे रोज मुकटी, फागणे करत जाणं-येणं. त्याला २०१३ ची होंडा अकॉर्ड मिळतीये, २.४ लिटर पेट्रोल, ऑटोमॅटिक, एमएच-१८ पासिंग, फर्स्ट ओनर, एका डॉक्टरांची, साडेतीन लाखात. त्याने फोटो टाकला आणि नुसतं विचारलं, कशी वाटते? झालं. नाना, म्हणजे माझे काका, म्हणाले डबडं आहे. मामी म्हणाल्या एवढी लांब गाडी गल्लीत वळणार कशी. मग फॉरवर्डांचा पाऊस, दहा वर्षांच्या वरच्या गाड्या बंद होणार, जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागणार, इथेनॉलने इंजिन खलास होणार. सगळ्यांचं मत एकच, दहा-बारा लाखाची नवी छोटी एसयूव्ही घे, सात वर्षांचे हप्ते कर, विषय संपला.

मी मिशिगनमधून भलामोठा मेसेज लिहिला. त्यावर नानांचं एका ओळीत उत्तर आलं, ‘तठे बसीसन तुले काय समजस? अठे गाडी देखीसन लोक खुर्ची देतस.’ खाली अकरा अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या भावाचा.

आता मला काय समजतं ते सांगतोच. मी रोज जी गाडी चालवतो ती २००४ ची ब्यूक लेसेबर आहे. पाच मीटरच्या वर लांब, पुढे सलग बाकासारखी सीट, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, ३.८ लिटरचं व्ही-सिक्स. एका म्हाताऱ्या बाईंकडून घेतली, मागच्या काचेपाशी टिश्यूचा डबा तसाच ठेवलेला होता आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये ऑइल बदलल्याच्या सगळ्या पावत्या, तारखेनुसार, पेन्सिलने खुणा केलेल्या. त्या पावत्या बघितल्यावर मी घासाघीस पण केली नाही. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, घेऊन सेक्रेटरी ऑफ स्टेटला, म्हणजे इथल्या आरटीओला गेलो, सहा टक्के टॅक्स भरला, पीएलपीडी, म्हणजे आपल्या थर्ड पार्टीसारखा विमा, काढला आणि दुसऱ्या दिवशी आय-७५ हायवेला लागलो. तेव्हापासून ती चालतीये. इंजिन जुन्या पद्धतीचं, लोखंडी, टायमिंग चेनचं, गावठी म्हणा हवं तर. त्यात दोन प्लास्टिकचे कूलंट एल्बो, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाकड्या नळ्या, आहेत ते वय झालं की ठिसूळ होतात हे इथल्या कुठल्याही मेकॅनिकला झोपेत विचारा, सांगेल. मी ते आधीच बदलले, पार्ट किरकोळ किमतीचा होता आणि शनिवारची सकाळ गेली. हायवेला लिटरला अकरा-बारा देते. आणि याला नाना डबडं म्हणतात. म्हणजे बापूच्या गाडीला म्हणाले, पण मला कळतं ना कोणाला म्हणाले.

अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वयच बारा वर्षांच्या वर गेलंय. सरासरी! म्हणजे बापूची अकॉर्ड इथे चारचौघींसारखी गाडी झाली असती. शाळेत मुलांना सोडायला येणारे वकील, नर्स, सुतार, कोणाच्या गाडीचं वय कोणी काढत नाही. (इथेही लोक चौऱ्याऐंशी महिन्यांचे हप्ते काढून घराएवढे पिकअप घेतात, पण तो विषय वेगळा.)

आता फॉरवर्डांचं बघू, कारण नाना फॉरवर्ड वाचतात, मला वाचत नाहीत. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल बंद हा नियम दिल्ली आणि एनसीआरचा, २०१५ ला एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादाने, आणला आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टाने उचलून धरला. पारोळा दिल्लीत नाही. महाराष्ट्रात पंधरा वर्षं झाली की गाडी आरटीओत दाखवायची, फिटनेस, पर्यावरण कर आणि रिन्यूअलची फी, जी २०२२ पासून कारला पाच हजार आहे, आणि पुढची पाच वर्षं मोकळं. आता १८ टक्के जीएसटी. तो नोंदणीकृत डीलरला लागतो आणि तोही त्याच्या नफ्याच्या रकमेवर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. डॉक्टर आपली गाडी मास्तरला विकतायत यात जीएसटी येतोच कुठून?

राहिलं इथेनॉल. इथे माझी बाजू थोडी लंगडी आहे. मी ग्रुपवर ठोकून दिलं की आमच्याकडे वर्षानुवर्षं ई-१० च, म्हणजे दहा टक्के इथेनॉलवालं पेट्रोलच, मिळतं आणि माझ्या वीस वर्षं जुन्या गाडीला काही झालेलं नाही. भाच्याने लगेच लिहिलं, मामा, तिकडे दहा, इकडे वीस. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे तो. बरोबर आहे त्याचं, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे ॲव्हरेज थोडं पडणारच, आणि ई-२० च्या आधीच्या गाड्यांचे रबरी होज, सील त्या हिशोबाने बनवलेले नाहीत. पण मग होज बदला ना, होज म्हणजे काय सोन्याचा आहे का. जळगावच्या सराफ बाजारात थोडाच मिळतो.

नानांना जे कळत नाही (आणि मी हे सांगितलं तर पुन्हा अंगठे येतील) ते असं की जुनी गाडी कशाने मरते हे गावागावाचं वेगळं असतं. इथे मीठ मारतं. डेट्रॉईट शहराच्या खाली हजार-बाराशे फुटांवर खरोखर मिठाची खाण आहे आणि हिवाळाभर इथल्या रस्त्यांवर मीठच मीठ ओततात. मागच्या शरद ऋतूत मेकॅनिकने माझी गाडी वर उचलली आणि मला खाली बोलावलं, टॉर्च मारला आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक ब्रेकच्या नळीवरून नुसतं फिरवलं, तर पापडासारखे पापुद्रे खाली पडले. दाराखालच्या पट्टीत त्याचं बोट गेलं आत. तो काहीच बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं. मी म्हणलं, नळ्या सगळ्या बदल, निकल-कॉपरच्या टाक, बाकीचं राहू दे. वरून बघाल तर ही गाडी अजून चकाचक आहे, मेण लावलेली.

खान्देशात बरोबर उलटं. तिथे गाडी खालून सडत नाही, मे महिन्यातल्या पंचेचाळीस डिग्रीत वरून वाळते. डॅशबोर्डला भेगा, दाराचे रबर कडक, सस्पेंशनचे बुश फुटलेले, हेडलाइट पिवळे, बॅटरी दोन वर्षांत संपलेली, एसीचा कंप्रेसर रडतोय. पण पत्रा आणि चासी? खणखणीत. आमच्या मिशिगनचा माणूस धुळ्याची तेरा वर्षांची गाडी लिफ्टवर बघेल तर रडेल, कारण खाली एक बोल्ट गंजलेला नसेल. आणि जे वाळतं ते बदलता येतं. जे सडतं ते नाही. एवढा साधा हिशोब आहे, आणि त्याच्या बदल्यात बापूला काय मिळतंय? रोजच्या हायवेला ट्रकच्या बाजूने जाताना न हलणारी गाडी, मागच्या सीटवर आमची मावशी पाय पसरून बसेल, तिचा गुडघ्याचा प्रॉब्लेम आहे, तिला त्या उंच एसयूव्हीत चढवायला दोन माणसं लागतात हे ग्रुपवर कोणी लिहिलं का? नाही. स्पीडब्रेकरला पोट घासेल, हे मात्र सहा जणांनी लिहिलं. घासेल. चार माणसं बसली की आपल्याकडच्या कुठल्यातरी ब्रेकरला घासेलच, तिरकी काढायची, ही कला आपल्या पिढीला येते.

मोठी सेडान मेली, हे मला मान्य आहे, दोन्हीकडे मेली. इथे फोर्डने २०१८ लाच सांगून टाकलं की आता सेडान बनवणार नाही, शेवरोलेची इम्पाला २०२० ला गेली, टोयोटाची ॲव्हलॉन २०२२ ला. माझी लेसेबर तर २००५ लाच बंद झाली. भारतात होंडाची सिविक आणि टोयोटाची अल्टिस २०२० ला गेल्या. आपल्याकडे तर त्या आधीच, २००६ च्या बजेटपासून, चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाडीला टॅक्स कमी, मग कंपन्यांनी शेपट्या कापलेल्या सेडान काढल्या आणि आता त्याच मापात उंच टोपी घातलेल्या एसयूव्ही. लहान गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४०, सप्टेंबर २०२५ पासून. म्हणजे नानांना जी एसयूव्ही रुबाबदार वाटते तिचं माप टॅक्सवाल्याच्या टेपने काढलंय. पण मेलेल्या जातीची गाडी स्वस्त मिळते हाच तर बापूचा फायदा आहे! कोणाला नकोय म्हणून साडेतीन लाख, नाहीतर नवी असताना ही गाडी धुळ्यात किती जणांकडे होती आठवा.

पार्टची अडचण मात्र खरी आहे, ती लपवत नाही. इथे मी दुकानात जातो, वर्ष आणि मॉडेल सांगतो, काउंटरवरचा पोरगा मागून डबा आणून ठेवतो. बापूला हेडलाइटचा सेट किंवा स्टिअरिंग रॅक लागला तर मुंबईहून मागवावा लागेल, आठ-दहा दिवस बसने कॉलेजला जावं लागेल, आणि किंमत ऐकून घाम फुटेल. पेट्रोल शंभराच्या वर आणि गावात आठ-नऊचं ॲव्हरेज. तरी बारा लाखाच्या गाडीचा हप्ता आणि व्याज काढा, मग या पैशात किती पेट्रोल येतं ते पण काढा. कागद-पेन घेऊन. मी काढून ग्रुपवर टाकलं होतं, कोणी उघडलं पण नाही.

कारण हिशोबाचा प्रश्नच नाहीये, मला माहितीये कशाचा आहे. बापूच्या मुलीचं यंदा बघायचंय. पाहुणे येतील, ओट्यावर बसतील, पोहे खातील आणि जाताना अंगणात काय उभं आहे ते बघतील. नाना हे उघड लिहीत नाहीत, पण खुर्चीचं वाक्य त्यासाठीच होतं. मी लिहिणार होतो की असल्या पाहुण्यांना दारातूनच परत पाठवा, आमच्याकडे बघा कोणी... लिहिलं पण पाठवलं नाही, पुसलं. बायको बाजूला बसली होती, ती हसली.

ती का हसली ते सांगायला हरकत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला आम्ही जातो, एका शाळेचा हॉल घेतात, पार्किंगमध्ये टेस्ला, टेस्ला, मोठी व्होल्वो, टेस्ला. आणि तिथे आम्ही कधीही लेसेबर नेत नाही. बायकोची आरएव्ही-फोर नेतो, टोयोटाची एसयूव्ही. मी म्हणतो डिकीत नैवेद्याची पातेली नीट बसतात म्हणून, आणि लेसेबरच्या डिकीत अख्खा मांडव बसेल हे आम्हाला दोघांना माहिती असतं. ऑफिसला मात्र रोज तीच. तिथे माझ्या गाडीकडे कोणी बघत नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही कोणी बघत नाही, वर्षानुवर्षं एकाच मजल्यावर बसून लिफ्टमध्ये हवामानावर बोलतो आम्ही. मला ते फार मोकळं वाटायचं. घरी फोनवर मी ते अमेरिकेचा मोठेपणा म्हणून सांगायचो, इथे कोणाला कोणाच्या गाडीचं पडलेलं नाही. पण जिथे कोणी माझं गाव विचारू शकेल अशा पार्किंगमध्ये शिरलो की मी पण नानांचाच पुतण्या आहे. सुट्टीत जळगावला उतरतो तेव्हा स्टेशनवरून इनोव्हा करतो, पांढरी, नवी असेल तर बरं, ड्रायव्हरला तसं आधी सांगतो. आईला बरं वाटतं. आईवर का ढकलू, मलाही वाटतं. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की ओट्यावरचे चार जण उठतात, कोण आलं रे, आणि त्यात एक तरी म्हणतो, अमेरिकेचा. माझ्या नावाने नाही म्हणत आता.

तर नानांनी मला तिथे बसून काय समजतं असं विचारलं ते लागलं, पण चुकीचं होतं असं नाही. गाडीचं मला समजतं. खुर्चीचं त्यांना समजतं, आणि बापूला दोन्हीत राहायचंय.

पण तरी बापू, तू ती गाडी घे असंच माझं मत आहे, आणि पाहुण्यांच्या दिवशी कोणाची एसयूव्ही अंगणात लावायची असेल तर माझ्या सख्ख्या भावाची लाव, त्याने अंगठा दिलाय ना. घेण्याआधी आरसीवर बँकेचा बोजा चढलेला आहे का बघ, उतरला असेल तर बँकेची एनओसी माग. सर्व्हिसच्या नोंदींवरचे किलोमीटर मीटरशी ताडून बघ, डॉक्टर असले तरी मधल्या एखाद्या एजंटने मीटर फिरवलेला असू शकतो. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते विचार, आठवत नाही म्हणाले तर ते आणि पेट्रोलचे होज, दोन्हीचे पैसे किमतीतून कमी कर. चाचणीला सकाळच्या थंडाव्यात जाऊ नको. दुपारी दोनला जा, एसी फुल लाव, मागे मावशी आणि दोन पोरं बसव आणि फागण्यापर्यंत जाऊन ये, कूलंटचा काटा कुठे थांबतो आणि पुढून खडखड येते का ते ऐक. रेडिओ बंद ठेव. पन्नासेक हजार बुश, टायर, बॅटरीला बाजूला ठेव, ते लागणारच आहेत. आणि कमी पडले तर मला फोन कर, ग्रुपवर लिहू नको.