यंत्राला नाही, बिनपावतीच्या व्यवहाराला नकार (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. ‘सांगलीकर वाचक वाचनालयातल्या पुस्तकं देण्या-घेण्याच्या यंत्राला घाबरतात. एटीएमलाही आधी नाकं मुरडली होती. देवघेवीचं टेबल बंद करा, आपोआप सवय होईल,’ असा तुमच्या प्रतिक्रियेचा रोख आहे.

भीतीचा मुद्दा पटत नाही. गणपती पेठेत सत्तरीतली माणसंही क्यूआर स्कॅन करून पैसे देतात, कारण दुकानातला डबा लगेच ‘रुपये मिळाले’ म्हणून ओरडतो. वाचनालयाच्या साध्या परत-पेटीत पुस्तक टाकलं की असं काहीच होत नाही. कर्मचारी पेटी उघडून जमा करेपर्यंत ते तुमच्याच नावावर, आणि अनामत तर अडकलेली. एसएमएस येतो म्हणाल, तर एका सभासदत्वावर सगळं घर वाचतं आणि नोंदवलेला नंबर पुण्यातल्या मुलाचा असतो!

खरी फजिती दारातल्या सुरक्षा-गेटवर होते. पुस्तक ओळखण्यासाठी त्यात रेडिओलहरींवर चालणारी चकती, म्हणजे आरएफआयडी टॅग, चिकटवतात. हे टॅग 13.56 मेगाहर्ट्झवर चालतात. यंत्रावर पातळ पुस्तकं एकावर एक ठेवली आणि टॅग नेमके एकमेकांवर आले, की एकाचा अँटेना दुसऱ्याला बाधतो. ठेवली तीन, नोंदली दोन. तिसऱ्याची सुरक्षा-खूण चालूच राहते, गेट बोंबलतं आणि जुना सभासद चारचौघांत चोर ठरतो. तो पुन्हा यंत्राकडे कशाला फिरकेल? टॅग चिकटवतानाच वर, मध्ये, खाली अशी जागा बदलत गेलं तर हे बरंच टळतं. धातूच्या मुलाम्याचं चकचकीत मुखपृष्ठ असलेली पुस्तकं मात्र टेबलावरूनच द्यावीत.

यंत्राच्या पडद्यावर पुस्तक शोधण्याचं दुखणं तर अस्सल मराठी. जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टंकलेल्या असतात. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या आजच्या पद्धतीत, न बदलता त्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये ओतल्या, की अक्षरांचा नुसता कचरा. युनिकोडमध्येही ‘ॲ’ एकाच संकेतानं लिहिता येतो किंवा ‘अ’ला ‘ॅ’ जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. ही रूपं आधी एकसारखी केली नाहीत, तर कपाटात असलेलं पुस्तक पडद्यावर ‘नाही’ दिसतं. टेबलावर ‘मागच्या खेपेच्या लेखिकेचं आणखी काही आहे का?’ एवढं विचारलं तरी भागतं.

डेन्मार्कमधली कर्मचाऱ्याविना चालणारी वाचनालयं बघा. कार्ड आणि पिन वापरून आत जायचं, पण ही सोय मुख्यतः कर्मचारी नसतानाच्या वेळेसाठी. वाचकाला जादा तास मिळाले, टेबल गेलं नाही. तुमची सूचना नेमकी उलटी आहे.

आपल्याकडे आधी फक्त पुस्तक परत घेणारं, टॅग वाचणारं यंत्र बसवावं. प्रत्येक पुस्तकाची छापील पावती द्यावी, त्यावर दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयाच्या नोंदीतला त्या प्रतीचा क्रमांक, हवाच. आणि पावतीचा कागद संपला तर यंत्रानं पुस्तक आत घेऊच नये, ही अट खरेदीच्या कागदपत्रांतच घालून घ्यावी.