तो पांढरा ठिपका पुसला

आज संध्याकाळपासून डोकं ठिकाणावर नाही. लिहून टाकते, नाहीतर झोप यायची नाही.

ओळखीतल्या एकाने मोठ्या कौतुकाने लेन्स बघायला बोलावलं. मऊ कापडात गुंडाळलेली, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, पुढेमागे झाकणं घट्ट. फोग्टलेंडरची मॅक्रो अ‍ॅपो-लँथर, १२५ एमएम, एफ २.५. मॅक्रो, म्हणजे इवल्याशा गोष्टींचे अगदी जवळून फोटो, करणाऱ्यांना पुढे काही सांगायला नको, नाव वाचूनच कान टवकारले असतील. मी दोन्ही हात पुढे केले, तर म्हणाला, "फोकसची रिंग नको हं फिरवूस." घेऊन तीन वर्षं झाली, एकदाही कॅमेऱ्याला लावलेली नाही! आणि मग वर अभिमानाने, "रिंगवर कुणीतरी पांढरा ठिपका देऊन ठेवला होता. स्पिरिटने घासून काढला. असल्या खुणांनी भाव पडतो."

तो ठिपका कुणी दिला होता हे मला माहीत आहे. नीट बघितलं तर त्याची पुसट जागा अजून दिसते. मी बघितली आणि काही न बोलता घरी आले.

ती सरांची लेन्स. सर गेल्यावर घरच्यांनी सगळं सामान विकलं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. ज्या पहाटे सरांनी ती माझ्या हातात दिली तेव्हा उजाडायचं होतं. गवतावर दव होतं आणि एका पात्याला एक टाचणी बिलगून बसली होती. चतुराची ती नाजूक बहीण, काडीएवढी. अंगभर दवाचे थेंब, डोळ्यांवरसुद्धा. मी सवयीप्रमाणे रिंग झरकन फिरवली. सरांनी माझ्या हातावर हात ठेवला. "घाई कसली आहे तुला? ती कुठे जाते आता? पंख ओले आहेत तिचे."

ज्यांनी ही रिंग फिरवलेली नाही त्यांना कसं सांगू. दूरवरच्या फोकसपासून, म्हणजे अनंतापासून, १:१ पर्यंत, म्हणजे वस्तू आहे तेवढीच आत उमटेल इतकं जवळ, यायला दीड फेऱ्याहून जास्त फिरवावं लागतं. हात सोडायचा, पुन्हा धरायचा, पुन्हा फिरवायचं. लेन्स हळूहळू लांब होत पुढे सरकते. सरांनी तो ठिपका अंधारासाठी दिला होता. पहाटे आकडे दिसत नाहीत, पण रंगाचा उंचवटा अंगठ्याला लागतो. पहिल्यांदा अंगठ्याखाली आला की गवताचं पातं आणि त्यावरची टाचणी. दुसऱ्यांदा आला की नुसती टाचणी, डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत चौकट भरून. वर्षानुवर्षं पहाटे उठणाऱ्या माणसाने स्वतःच्या हातासाठी केलेली खूण होती ती. आणि याने ती डाग समजून पुसली.

डाग म्हणे!

परवाच एक मुलगा मला विचारत होता, "ताई, या जुन्या मॅन्युअल लेन्सचं एवढं वेड का तुम्हा लोकांना? ऑटोफोकसवाल्या शार्प नाहीत का?" आहेत की. आजची कुठलीही चांगली मॅक्रो लेन्स शार्प आहे, आणि फुलावर भिरभिरणारी माशी टिपायची तर ऑटोफोकसच सोयीचा, मान्य. पण १:१ ला काय होतं ते बघा. लेन्सचं छिद्र एफ ८ इतकं बारीक केलं तरी फोकसमध्ये राहणारी पट्टी असते जेमतेम एक मिलिमीटरची. श्वास घेतला तरी फोकस डोळ्यावरून घसरून मानेवर जातो. तिथे बहुतेक ऑटोफोकस लेन्सची रिंग केसभर हलवली की फोकस भलतीकडेच उडी मारतो, आणि मोटरवर सोडलं तर ती पुढेमागे शोधत बसते. या लेन्सवर तेवढ्याच अंतरासाठी बोटाला भरपूर जागा मिळते. डोळ्यावरच्या एका थेंबापासून शेजारच्या थेंबापर्यंत तुम्ही चालत जाऊ शकता.

आणि तो अ‍ॅपो! मराठीत सांगायचं तर लाल, हिरवा, निळा असे तिन्ही प्रकाश एकाच ठिकाणी आणून सोडायचे. साध्या लेन्सवर छिद्र पूर्ण उघडं ठेवलं की दवाच्या चमकत्या थेंबाला फोकसच्या पुढे जांभळी आणि मागे हिरवी झालर येते. इथे थेंब थेंबासारखाच राहतो, पाण्याच्या रंगाचा. त्या पहाटेच्या माझ्या फोटोत टाचणीच्या डोळ्यावरच्या थेंबात मागचं गवत उलटं दिसतं, आणि त्याच्या कडेला कसलाही रंग सांडलेला नाही. हे मी सॉफ्टवेअरमध्ये पुसलेलं नाही.

बरं, दुर्मीळ का झाली? जपानच्या कोसिना कंपनीने १९९९ मध्ये फोग्टलेंडर या जुन्या जर्मन कंपनीचं नाव घेऊन नव्या लेन्स काढायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत ही १२५ आली. निकॉन, कॅनन, पेंटॅक्स, बऱ्याच कॅमेऱ्यांच्या माउंटमध्ये, म्हणजे लेन्स अडकवायच्या खोबणीत बसेल अशी आली. पण तो काळ ऑटोफोकसचा आणि डिजिटलच्या लाटेचा. हाताने फिरवायची जड लेन्स कोण घेणार? थोड्या वर्षांत बंद झाली. बंद झाल्यावर लोकांना कळलं काय होती ते. मग शोधाशोध सुरू झाली आणि त्या शोधणाऱ्यांच्या मागोमाग हे साठवणारे आले.

माझा राग यांच्यावर आहे. ज्याला खरंच वेड आहे तो लेन्स चिखलात घेऊन जातो, गुडघे टेकतो, पोटावर झोपतो. १९५५ मध्ये किलफिटची मॅक्रो-किलार लेन्स आली तेव्हापासून माणसं एसएलआर कॅमेऱ्याला डोळा लावून हेच करत आली आहेत. व्हिव्हिटार सिरीज १ ची ९० एमएम शोधणारा, किरॉनची १०५ जपणारा, सगळे त्याच जातीचे. त्यांच्या लेन्स घासलेल्या असतात, रंग उडालेला असतो. मला त्या लेन्स बघितल्या की बरं वाटतं. आणि हा? हा कापड उघडतो, बघतो, गुंडाळतो. वर्षानुवर्षं न फिरवलेल्या रिंगमधलं ग्रीस घट्ट होतं हे त्याला कुणी सांगितलं नसेल का? बंद डब्यात दमटपणा शिरला तर काचेवर बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्या तरी वेळेवर बदलतोस का रे बाबा?

त्याच्या पैशाने घेतली आहे, त्याची मर्जी. हो, तेही खरं. आणि २०१८ मध्ये फोग्टलेंडरने ११० एमएमची नवी अ‍ॅपो-लँथर काढली, तीही १:१, तीही मॅन्युअल, तीही सुंदर. मला हवी तर मी ती घेऊ शकते. पण मला लेन्स हवी म्हणून मी हे लिहीत नाहीये.

त्या पहाटेचं एक राहिलं. ऊन आलं. टाचणी अजून तशीच होती आणि मी व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा रुतवून बसले होते, अंगठा दुसऱ्यांदा आलेल्या ठिपक्यावर. मग तिने पुढचा पाय उचलला आणि डोळ्यावरून फिरवला. हळू, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. झोपेतून उठलेलं मूल डोळे चोळतं ना, अगदी तसं. दव पुसत होती. थेंब घरंगळला आणि डोळा स्वच्छ झाला. माझं बोट बटणावर होतं आणि मी ते दाबलंच नाही, विसरूनच गेले. मान वर केली तर सर माझ्याकडे बघत होते. "दिसलं ना?" एवढंच म्हणाले. फोटोबद्दल विचारलं नाही.

पुढे बऱ्याचदा गेलो आम्ही. प्रत्येक वेळी लेन्स माझ्याकडे देताना अंगठा बरोबर ठिपक्यावर ठेवून द्यायचे, म्हणजे मला अंधारात शोधावा लागू नये.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्याला सर माहीत नव्हते, ती पहाट माहीत नव्हती. त्याच्या लेखी तो कुणाचा तरी रंग होता. मी तिथेच सांगायला हवं होतं, गप्प राहिले ही माझीच चूक.

आत्ताच त्याला मेसेज केलाय. रविवारी पहाटे लेन्स घेऊन ये. निकॉन माउंट आहे, माझ्याकडे अ‍ॅडॅप्टर आहे, ट्रायपॉड मी आणते, जागा मला माहीत आहे. रिंग तूच फिरव, मी हातही लावणार नाही. फक्त उजाडायच्या आत पोच.

दोन निळ्या खुणा आल्यात. अजून काही लिहिलेलं नाही त्याने.