सायलेन्सर चमकवण्याचा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका

मोटारसायकलच्या सायलेन्सरबद्दलचा एक मेसेज सध्या सोलापुरात फोनाफोनी फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टॉयलेट क्लीनर ओतून तारेच्या घासणीनं घासा, सायलेन्सर नव्यासारखा होतो. मग गरम असतानाच डिझेल किंवा जुनं इंजिन ऑइल फासा, गंज धरत नाही. बेंड पाइप, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप, निळा पडला तर इंजिन बिघडलं समजा. आणि सायलेन्सरखालचं बारीक भोक एम-सीलनं बुजवा, म्हणजे पाणी आत जाणार नाही.

पहिल्या उपायानं सर्वांत जास्त नुकसान होतं. क्रोमच्या सायलेन्सरवर आधी निकेलचं आणि त्यावर क्रोमचं पाणी चढवलेलं असतं. वरचा क्रोमचा थर सहसा एक मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ असतो. टॉयलेट क्लीनरमध्ये साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि प्लेटिंगवाले जुनं क्रोम उतरवायला हेच आम्ल वापरतात. म्हणजे मेसेज चमक आणायला सांगतो ते चमक काढायचं औषध आहे! पहिल्या दिवशी सायलेन्सर लखलखतो, कारण मळ आणि गंज दोन्ही विरघळतात. पण क्रोम गेलं की खालचं पिवळसर निकेल उघडं पडतं, त्याला बारीक छिद्रं पडतात आणि पुढच्या पावसात लोखंडावर तांबूस ठिपके उठतात. स्टेनलेस स्टीललाही हे आम्ल खड्डे पाडतं. तारेची घासणी तर नकोच.

मग धुवायचं कसं? गाडी पूर्ण गार होऊ द्या. आपल्याकडची काळी माती सायलेन्सरवर भाजून घट्ट बसते. ती आधी पाण्यानं भिजवून सैल करा, कोरडी घासू नका, चरे पडतात. गाडी धुवायचा शाम्पू आणि मऊ कापड पुरतं. बोअरचं पाणी जड असेल तर ते वाळू देऊ नका, पांढरे डाग राहतात. लगेच टॉवेलनं टिपा. टेरी टॉवेल तर आपल्याच गावात विणला जातो, त्याचा जुना तुकडा या कामाला उत्तम. डाग पडलेच असतील तर पाणी घातलेलं व्हिनेगर हलक्या हातानं फिरवून लगेच धुऊन टाका.

आता डिझेल. चालत्या गाडीचा बेंड पाइप ३०० अंशांच्या पुढे सहज जातो, आणि डिझेल २०० अंशांच्या वर ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं. गरम पाइपवर ते फासणं हा उघड धोका आहे. पेटलं नाही तरी जळून काळा थर बसतो. शिवाय तेल ओघळतं ते मागच्या टायरवर किंवा डिस्कवर, आणि ब्रेक लागत नाही. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर गार क्रोमवर स्वच्छ तेलाचा पुसट हात फिरवायला हरकत नाही, पण सुरू करण्याआधी ते पुसायलाच हवं.

निळा रंग म्हणजे बिघाड, हे अर्धंच खरं. स्टेनलेस तापलं की पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर येतो. साधारण ३०० अंशांना तो फिकट पिवळा दिसतो, ५४० च्या आसपास निळा. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर जसे रंग उमटतात, तसाच हा पातळ थरातल्या प्रकाशाचा परिणाम आहे. इंजिनजवळ थोडा निळेपणा असतोच. मात्र रंग अचानक गडद होऊन मागे सरकू लागला, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात असेल. तेव्हा मिस्त्रीला दाखवा.

भोकाबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. पाणी बाहेरून जातं त्यापेक्षा किती तरी जास्त आतच तयार होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी होतं, वाफेच्या रूपात. सायलेन्सर तापलेला असेल तर ती निघून जाते. पण साखर पेठेतून नवी पेठेत जाऊन परत, एवढीच गाडी रोज चालत असेल, तर ती आत गार पडून साचते. कंपनीनं खालच्या टोकाला भोक ठेवलंय ते हे पाणी गळायला. ते बुजवलं की सायलेन्सर आतून सडतो आणि बाहेर फुटेपर्यंत कळतही नाही. उलट, चिखलानं बुजलं असेल तर गार गाडीवर बारीक तारेनं मोकळं करा. आणि आठवड्यातून एकदा गाडी शहराबाहेर होटगीपर्यंत नेऊन आणा, आतली ओल वाळते.

ज्याचा सायलेन्सर मॅट काळा आहे, त्याच्यासाठी मेसेजमध्ये काहीच नाही. आता असे सायलेन्सर पुष्कळ दिसतात. त्यावर पॉलिश लावू नका, चकचकीत चट्टे पडतात. रंग उडाला असेल तर साधा ऑइलपेंट काही दिवसांत जळून सोलतो. ६०० अंश सोसणारा स्प्रे आणा, गंज पॉलिशपेपरनं काढा, तेलकटपणा पुसा, पातळ हात द्या. वाळल्यावर गाडी थोडी थोडी तापवून गार होऊ द्या, मगच त्यावर पाणी पडू द्या.