जोडतो तो चीक, सोनं नव्हे

'फुटलेला कप सोन्याने जोडा, शेल्फवर मांडा, झाला वाबी-साबी कोपरा तयार' हे घरसजावटीवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. (वाबी-साबी म्हणजे अपुऱ्या, झिजलेल्या गोष्टींतलं सौंदर्य पाहणारी जपानी दृष्टी.) सोनं काहीच जोडत नाही हो! किंत्सुगीत, म्हणजे फुटलेली भांडी जोडण्याच्या जपानी कलेत, तुकडे धरून ठेवतो तो उरुशीच्या झाडाचा चीक, गव्हाच्या पिठात कालवलेला. सोन्याची पूड अगदी शेवटी, सांध्यावर भुरभुरवतात. आणि गंमत म्हणजे हा चीक उन्हात सुकत नाही, त्याला दमट पेटी लागते. थरामागून थर देत काम आठवडे न्‌ आठवडे चालतं. त्यात ओला चीक अंगावर उततो. आपला बिबा त्याच कुळातला, त्यामुळे ज्यांना लहानपणी बिबा उतलाय त्यांना जास्त सांगायला नको.

मी हौसेने ऑनलाइन किट मागवलं होतं. आत निघालं इपॉक्सी (रासायनिक गोंद) आणि सोनेरी भुकटी. माझा निळा मग तासाभरात जोडून झाला, पण पत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं: खाण्यापिण्यासाठी वापरू नये. वर्षभरात ती सोनेरी रेघ काळपट पडली. आता त्यात पेनं असतात. खरं वाबी-साबी शेल्फवर मांडायचं नसतंच: सोळाव्या शतकातल्या सेन नो रिक्यू या जपानी चहागुरूची ताईआन ही चहाची खोली अवघ्या दोन तातामी चटयांची, आणि तिथला वाडगा हातात धरून प्यायचा असतो. शेल्फसाठी कप जोडायचा तर फेव्हिक्विकही चालेल, त्याला जपानी नाव कशाला?