नेटवर्क सोडून गेलंय? घाबरू नका, बातम्या वाढवा

समजा अमेरिकेत तुमच्या मालकीचं एक लोकल टीव्ही स्टेशन आहे आणि इतकी वर्षं ज्याच्या जिवावर बसून खाल्लं त्या नेटवर्कने, म्हणजे देशभरातल्या स्टेशनांना कार्यक्रम पुरवणाऱ्या कंपनीने, एक दिवस रामराम ठोकला. रडत बसू नका, तुमच्याआधी बरेच जण यातून गेलेत.

सगळ्यात आधी स्टेशन महाग घ्या. सॅन फ्रान्सिस्कोचं क्रॉन (KRON) हे स्टेशन यंग ब्रॉडकास्टिंग या कंपनीने 2000 मध्ये तब्बल 80 कोटी डॉलरच्या वर मोजून घेतलं, तेही त्याचं नेटवर्क असलेल्या एनबीसीला स्वतःला ते हवं असताना. मग एनबीसी म्हणालं, आमचे कार्यक्रम दाखवायचे तर आता तुम्हीच वर्षाला एक कोटी डॉलर द्या. पूर्वी नेटवर्क स्टेशनला पैसे द्यायचं बरं का, म्हणजे सासऱ्याने जावयाकडे दिवाळसणाचं बिल मागावं तसं झालं हे. तुम्ही अर्थातच बाणेदारपणे नाही म्हणा. शेजारच्या सॅन होजेचं स्टेशन त्याहून कितीतरी जास्त द्यायला तयार होईल, होऊ द्या, त्यांचं त्यांना लखलाभ.

1 जानेवारी 2002, क्रॉन आणि एनबीसीची 1949 पासूनची साथ संपली. सकाळचा टुडे शो गेला, रात्री आठ ते अकरा रिकामे, फ्रेंड्स नाही, ईआर नाही, आणि पुढच्याच महिन्यात हिवाळी ऑलिंपिक, तेही दुसऱ्याच्या चॅनलवर.

आता भरायचं काय? बातम्या! पहाटे बातम्या, नऊला बातम्या, मधे हवामान. बातमी नसली तरी बे ब्रिजवरचा कॅमेरा आहेच, त्यात धुकं दिसतं, धुक्यात गाड्या दिसतात, अँकरने फक्त 'ट्रॅफिक स्लो आहे' एवढं दर दहा मिनिटांनी नव्या उत्साहाने म्हणायचं. खर्च जड वाटला तर रिपोर्टरच्याच हातात कॅमेरा द्या, शूट त्यानेच करायचं, एडिटही त्यानेच, क्रॉनने 2005 मध्ये नेमकं हेच केलं आणि त्याला भविष्य वगैरे म्हटलं गेलं. 2009 मध्ये मालक कंपनी दिवाळखोरीत गेली, पण ते मनाला लावून घेऊ नका, कर्ज आधीचंच होतं.

खरं सांगायचं तर बातम्यांवर तरलेलेही आहेत. मायामीच्या सात नंबर चॅनलने 1989 मध्ये एनबीसी गेल्यावर फॉक्स हे नेटवर्क घेतलं आणि बातम्या अशा वाढवल्या, खून, दरोडे, पोलिसांचे दिवे, की 1994 मध्ये तिथल्या काही हॉटेलांनी टुरिस्ट घाबरतात म्हणून खोल्यांमध्ये त्या बातम्याच बंद केल्या. याला म्हणतात यश! तुमच्या बातम्या अजून एकाही हॉटेलने बंद केल्या नसतील तर मेहनत कमी पडतेय.

आणि ऑगस्ट 2025 मध्ये त्याच मायामीत दहा नंबर चॅनलची एबीसी या नेटवर्कशी फारकत झाली. त्यांनी काय जाहीर केलं असेल? बरोब्बर, जास्त लोकल बातम्या. आणि एबीसी गेलं कुठे, तर सात नंबरवाल्यांच्याच सबचॅनलवर, म्हणजे त्यांच्याच जोडचॅनलवर.